कुणाच्या मानेवर

आईनं तोंड मिटून घेतलं. चमचा ओठांपाशी पोचला होता. पूड कोमट दुधात नीट फेटलेली होती, एक गुठळी नव्हती, वर नारंगीच्या फुलांच्या पाण्याचे दोन थेंबही मी टाकले होते. चार दिवस माझ्या हातून मुकाट खाणाऱ्या आईनं ओठ आत ओढून घेतले आणि माझ्याकडे पाहिलं. ते पाहणं माझ्या ओळखीचं होतं. बंदरावर मासा घेताना, कल्ले उचलून बघण्याआधी, ती आधी मासेवाल्याच्या तोंडाकडे असं बघायची. "यात काय घातलंय?" तिनं विचारलं. दूध, प्रथिनं, साखर, जीवनसत्त्वं, मी सवयीनं म्हणाले. "ते नव्हे. सगळ्यात शेवटी बारीक लिहिलंय ते." माझा हात तसाच हवेत राहिला. आईला वाचता येत नाही. म्हणजे कुणीतरी वाचून दाखवलं होतं, आणि ते कुणीतरी म्हणजे आमची शेजारीण खद्दूजा. आदल्या दिवशी मी औषधांच्या दुकानात गेले असताना ती आईजवळ बसली होती.

खद्दूजाला मी दारातच गाठलं. ती कपडे वाळत घालत होती आणि तिला काही चोरी केल्याची लाज वगैरे नव्हती. "अगं जलीला, मी कुठं काय म्हणतेय? फोन म्हणतोय. डब्याच्या रेघांवर फोन धरला की तोच सांगतो बाई, हिरवं, लाल, नाहीतर पिवळं. तुमच्या डब्याला पिवळं आलं. चारशे सत्तरवर बोट ठेवलंन् त्यानं. संशय आहे म्हणे, हलाल की हराम." मी म्हटलं, संशय म्हणजे गुन्हा नव्हे. "तेच तर. मी तेच सांगितलं तुझ्या आईला, मन्नूबियाला. म्हटलं, तुझी लेक याच शास्त्रातली, तिलाच विचार की. एवढी मोठी प्रयोगशाळेतली बाई घरात असताना फोनचं कशाला ऐकायचं?" आणि तिनं चादर झटकली. सत्तावीस वर्षं मी स्फाक्समधल्या एका मसाल्याच्या कारखान्यात रसायनतज्ज्ञ आहे. खद्दूजाच्या बोलण्यात टोमणा किती आणि आदर किती हे तिलाही सांगता आलं नसतं.

चारशे सत्तर, शेवटी एक छोटं अक्षर. मला तो आकडा लोकांना पोरांचे वाढदिवस पाठ असतात तसा पाठ आहे. चरबीतल्या आम्लाचा मॅग्नेशियमशी केलेला क्षार, पांढरा, हाताला साबणासारखा, वासाला काहीच नाही. त्याला खाणं म्हणणंही जिवावर येतं. पुडीच्या कणाकणावर तो जाऊन बसतो, म्हणजे कण एकमेकांना चिकटत नाहीत, दमट हवेत दगड होत नाहीत, चमच्यातून सुटसुटीत पडतात. एवढंच त्याचं काम. आमच्याकडे समुद्रावरून पूर्वेचा वारा सुटला की मिठाच्या भांड्यात मीठ बसून जातं, जिऱ्याची पूड बरणीला धरते, आणि कारखान्यात अशा दिवशी मी दर तासाला नरसाळ्यातून पूड ओतून तिचा ढीग किती पसरतो ते मोजते. ढीग उंच राहिला तर पूड हट्टी, बसकट झाला तर चांगली. त्या पांढऱ्या क्षाराची चिमूट पडली की ढीग लगेच बसतो. आता तो क्षार ज्या चरबीतून निघाला ती ताडाच्या फळाची असेल, गाईची असेल, किंवा ज्याचं नाव आई घरात घेऊ देत नाही त्या जनावराची असेल. एकदा शुद्ध झाला की आमच्या प्रयोगशाळेत त्याचं कुळ सांगता येत नाही. नुसता कागद सांगतो. आणि कागदावर सही असते, बहुतेक वेळा माझ्यासारख्याच कुणाची.

मी परत खोलीत आले तेव्हा आई भिंतीला टेकून बसली होती, अडतीस किलोची, निमोनियातून उठलेली, एक्याऐंशी वर्षांची. डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं: गुरुवारी वजन करू. अर्धा किलो जरी वाढलं तरी घरीच ठेवा, नाहीतर भरती करायचं आणि नाकातून नळी. नळीनं माझे वडील गेले होते, दोन्ही हात पलंगाला बांधून, कारण ते ती उपसून काढायचे. आईनं ते तीन आठवडे पाहिलं होतं. ज्याला घट्टपणा आहे आणि कण नाही असंच काहीतरी तिच्या घशातून सुखानं उतरत होतं. अंड्याला ठसका, भाकरीला ठसका, भाजलेल्या जवाच्या पिठाची आमची बसीसा, जी एरवी बाळंतिणीला नि म्हाताऱ्यांना देतात, ती तर दुसऱ्याच चमच्याला छातीत गेली होती. गावात हा एकच डबा मिळत होता. आणि त्या दिवशी सोमवार होता. "आई, यात वाईट काही नाही," मी म्हणाले. ती म्हणाली, "मग म्हण, माझ्या मानेवर."

ते म्हणायला मला जमलं नाही. बाहेरच्या माणसाला यात काय अवघड आहे ते कळणार नाही. आमच्या गल्लीच्या टोकाला मबरूककाकांचं मटणाचं दुकान होतं. आई तिथं जायची, मांसाला हातही न लावता विचारायची, "मबरूक, कुणाच्या मानेवर?" आणि ते सुरी पुसत म्हणायचे, "माझ्या मानेवर, मन्नूबिया." बस. जनावर कुणी कापलं, देवाचं नाव घेऊन कापलं का, कुठल्या कळपातलं, पुढं एक प्रश्न नाही. त्यात काही वावगं असलं तर कयामतीच्या दिवशी जाब ते देणार, आई नव्हे, आणि आई निश्चिंत मनानं पिशवी उचलायची. एकदा मबरूककाका म्हणाले होते, "आज नको नेऊस. आज मी नव्हतो, भावानं आणलंय." त्या दिवशी आम्ही बटाटे खाल्ले, मी कुरकुरले, आणि आईनं पाठीत एक धपाटा घातला. मला तो धपाटा अजून आठवतो, त्याची जागासुद्धा. पुढं मी शिकले, ट्युनिसला गेले, पांढरा कोट चढवला आणि दिवसाला वीस-वीस सह्या करू लागले. या सगळ्या सह्यांत मानेवर असं कुठंच नसतं. असतं ते "सादर केलेल्या कागदपत्रांनुसार". ते तीन शब्द मला फार सोयीचे वाटत आले. त्यांच्या मागं कुणीच उभं नसतं.

दुपारी मी फ्रान्समध्ये ल्योंला भावाला फोन लावला. लमीन दर संध्याकाळी फोन करतो, पण आता त्याला कामावरून बाहेर बोलावलं. तो लगेच मोठ्या आवाजात समजूत घालू लागला, "अगं ताई, आजारी माणसाला सूट असते! मी इथल्या इमामांना मागंच अशा औषधांबद्दल विचारून ठेवलंय. आणि ते म्हणाले, पदार्थाचं रूप पुरतं पालटलं की तो पूर्वीचा राहतच नाही. दे तिला फोन." मी फोन आईच्या कानाला लावला. आईनं सगळं ऐकून घेतलं, अधूनमधून "हं, हं, माझ्या राजा" म्हणाली, आणि मग म्हणाली, "लमीन, सूट मला ठाऊक आहे रे. उपाशी मरणाऱ्याला सूट. माझ्या घरात चार अंडी आहेत, तेल आहे. आणि रूप पालटलं म्हणतोस, तर तू मिशा काढल्यास म्हणून तू काय माझा राहिला नाहीस?" मग मला फोन देऊन डोळे मिटले. लमीन म्हणाला, इथं निव्वळ वनस्पतीचा डबा मिळतो, पाठवतो, बारा दिवसांत पोचेल. तोही रडवेला झाला होता. बारा दिवस, आम्ही दोघं एकदमच म्हणालो.

मंगळवारी मी तो डबा आयात करणाऱ्यांना फोन केला. बोलणारी मुलगी गोड होती. "मॅडम, आमच्याकडे कागद आहे." कागदावर मूळ काय लिहिलंय? "वनस्पती किंवा अन्य, मॅडम." अन्य म्हणजे? तिनं पानं उलटल्याचा आवाज आला. "अन्य म्हणजे अन्य, मॅडम." मी विचारलं, तू तुझ्या आईला देशील का हे? ती हळू आवाजात म्हणाली, "मॅडम, मी नुसते फोन घेते हो." मला तिची दयाच आली. माझ्या जागी ती आणि तिच्या जागी मी असते तर मीही तेच म्हटलं असतं, किंबहुना म्हणत आले आहे. त्या दिवशी आईनं दोन चमचे डाळीचं पाणी घेतलं आणि अर्धं उशीवर गेलं. तिला न्हाणीत धरून नेताना तिच्या काखेतली हाडं माझ्या बोटांना लागत होती. नुसते दोन शब्द म्हणायचे होते. म्हण की, मी स्वतःला सांगत होते, इतक्या सह्या केल्यास, ही एक तोंडानं कर. आणि दर वेळी मला सत्त्याण्णवची ईद आठवायची.

त्या वर्षी ईद फेब्रुवारीत आली होती, थंडी आणि ओल दोन्ही घेऊन. आमच्या कारखान्यानं पहिल्यांदाच शर्मूल्याच्या मसाल्याची पाकिटं काढली होती. स्फाक्समध्ये ईदच्या सकाळी खारवलेल्या माशाबरोबर शर्मूला झाला नाही तर ईद झाली असं कुणी मानत नाही. कांदा आणि मनुका तेलात दोन दोन दिवस शिजवायच्या आणि त्यात दालचिनी, लवंग, मिरी, गुलाबकळ्या, प्रत्येक घरचं माप वेगळं. हा मसाला बायका घरीच कुटायच्या. पाकीट घेणं म्हणजे आळशीपणाची जाहिरात. म्हणून पहिलं वर्ष महत्त्वाचं होतं, आणि पहिल्याच वर्षी पाकिटांत मसाल्याची ढेकळं झाली. गाबेसहून खोकीच्या खोकी परत आली. ईदला नऊ दिवस राहिले होते. नेहमीच्या व्यापाऱ्याकडचा क्षार संपला होता. साहेबांनी, सी तिजानींनी, बंदरावरच्या कुणाकडून तरी बारा पोती मिळवली. कागद आला, त्यावर सगळं होतं, फक्त मूळ कुठलं त्या रकान्यात काही नव्हतं. मी पोरगी होते, एकोणतीस वर्षांची, विभागातली एकटी बाई. मी म्हटलं, साहेब, हा रकाना रिकामा आहे. "येईल गं मागाहून. तू सही कर." मी पुन्हा म्हटलं. ते चिडले नाहीत, चिडले असते तर बरं झालं असतं. ते हसून म्हणाले, "जलीला, दोनशे बायका पाकीटकामाला आहेत. त्यांना ईदच्या आधी घरी बसवू? तू सांगतेस का जाऊन त्यांना?" मी सही केली. मसाला सुरेख झाला, नरसाळ्यातून पाण्यासारखा पडला. तो कागद मागाहून कधीच आला नाही. मीही विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर कदाचित आला असता.

घरी मी काही बोलले नव्हते. पण आई बोलली होती. त्या वर्षी तिनं खलबत्ता काढलाच नाही. सत्तावीसाव्या रोज्याला आमच्या अंगणात गल्लीतल्या बायका जमल्या होत्या, आणि कुणीतरी नाक मुरडून म्हणालं, पाकिटातलं कोण खाणार, त्यात काय काय घालतात देव जाणे. तेव्हा आई कमरेवर हात ठेवून उभी राहिली. मला ती अजून दिसते, हिरव्या फुलांचा झगा, कोपरापर्यंत कांद्याचा वास. "माझी जलीला आहे तिथं," ती म्हणाली, "घ्या बिनधास्त. माझ्या मानेवर." अकरा घरांनी तिच्या शब्दावर पाकिटं नेली. मी स्वयंपाकघरात होते, हातात कपबश्यांचं ताट, आणि बाहेर येऊन "थांबा" म्हणायला फार तर सहा पावलं होती. मी उभीच राहिले. ताट जड नव्हतं. पुढं काही झालं नाही, कुणी आजारी पडलं नाही, उलट सगळ्यांनी चव वाखाणली. तो माल ताडाचाही असेल, कुणी सांगावं. पण गेली पंचवीस वर्षं मी आणि आई एका घरात राहिलो आणि आमच्यामध्ये काहीतरी भुकटीसारखं पसरून राहिलं. आम्ही भांडलो नाही, रुसलो नाही, एकमेकींना लागलोच नाही. मला आई हवी होती, जवळ, लहानपणासारखी, आणि ती समोरच होती.

बुधवारी दुपारी तिनं पाणीही नको म्हटलं. खिडकीतून मिठागराकडचा वारा येत होता, खारट, तिचे ओठ फुटले होते. मी डबा उघडला, पूड फेटली, पलंगावर बसले. ठरवून आले होते. दोन शब्द, खोटे तर खोटे, माझं जे व्हायचं ते होवो. "आई, तोंड उघड. माझ्या..." इतकं म्हटलं आणि तिनं माझं मनगट धरलं. तिच्या हातात जोर नव्हता, नुसती ऊब होती. मी तिच्या डोळ्यांकडे पाहिलं आणि भलतंच बोलून गेले. "मला माहीत नाही, आई. हे कशाचं आहे मला माहीत नाही. आणि त्या ईदचंही माहीत नव्हतं." मग सगळं बाहेर पडलं, उलटसुलट, सी तिजानी, बारा पोती, रिकामा रकाना, कपबश्यांचं ताट. बोलताना मी चमचा धरूनच होते आणि दूध चादरीवर सांडत होतं. पंचवीस वर्षं जपलेलं सांगायला पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

आई छताकडे बघत राहिली. मला वाटलं, संपलं, आता ही माझ्या हातचं पाणीही घेणार नाही. मग ती म्हणाली, "कुठली ईद? मी कुटलं नाही ती?"

"हो."

"म्हणून तू तेव्हापासून शर्मूला खात नाहीस." दर ईदला मी पित्ताचं कारण सांगत आले होते. "आणि मला वाटायचं, शिकली म्हणून हिला माझ्या हातचं आवडेनासं झालं. दर वर्षी मी मनुका बदलून बघायची. एकदा झर्झिसहून मागवल्या होत्या." तिच्या आवाजात राग नव्हता, नुसतं आश्चर्य होतं, आणि ते मला रागापेक्षा जास्त लागलं. मी तिच्या कुशीत डोकं घातलं आणि हुंदके देऊन रडले. ती माझ्या केसांतून बोटं फिरवत हळूहळू बोलत होती, दर चार शब्दांनी दम घेत. "वेडी. तू कागदावर रेघ ओढलीस. बोलले कोण? अकरा घरांना शब्द कुणी दिला? तुला विचारलं होतं का मी, की देऊ का म्हणून? मिरवायचं होतं मला, माझी लेक माझी लेक करून. त्या अकरांतली हलीमा गेली, शाझलिया गेली, त्यांना तिथं कुणी विचारलं असेल तर त्यांनी माझंच नाव सांगितलं असणार. मलाच जाब द्यायचाय तो."

"आई, असं नको बोलू. मी जाऊन सांगते सगळ्यांना. आणि हेही मी घेते, माझ्या..."

तिनं तळहात माझ्या तोंडावर ठेवला. "गप. तुझी मान अजून पुष्कळ दिवस वापरायचीय तुला. माझी तशीही लादलेलीच आहे, वरून चमचाभर पडलं तर काय मोडते की काय? मला नुसतं कुणीतरी खरं सांगायला हवं होतं. तो फोन बोलतो, इमाम बोलतो, लमीन बोलतो. तू म्हणालीस ना, माहीत नाही. झालं. आता माझं मी बघते." मग तिनं मला उशी उचलायला लावली, ओढणीचं टोक कपाळावर नीट ओढलं, मक्केकडे, किब्ल्याच्या दिशेनं, म्हणजे कपाटाकडे, तोंड केलं, आणि मबरूककाकांना विचारायची त्याच दुकानातल्या आवाजात, कोणाशी तरी सौदा पक्का करावा तशी म्हणाली, "माझ्या मानेवर." आणि तोंड उघडलं.

मी चमचा आत दिला. तिनं तो घोळवला, गिळला. ठसका लागला नाही. मग तिचा चेहरा असा वाकडा झाला की मी घाबरून उठलेच.

"शी!" आई म्हणाली. "चवच नाही गं याला. असल्या मचूळ लगद्यासाठी डुक्कर तरी कशाला जीव देईल?"

मला हसू आवरेना, आणि रडूही थांबेना, नाक वाहत होतं, हातात चमचा तसाच.

"दात काय काढतेस," ती म्हणाली, "उद्या वजन करायचंय. भर तो चमचा."